प्लॅस्टरमधला हिवाळा

धुकं इतकं दाट होतं की बागेतला रस्तासुद्धा अंदाजाने कापावा लागत होता. मी मात्र नेहमीसारखी पळतच होते. ऑपरेशन थिएटरमधली नर्स उशिरा पोचलेली कुणालाच चालत नाही. तेवढ्यात पायात काहीतरी अडकलं... आणि मी धाडकन उजव्या हातावर पडले.

"अहो — थांबा, हलू नका," धुक्यातून आवाज आला. "बोक्या, मागे हो!"

माझ्या पायाला गुंडाळलेल्या दोरीच्या टोकाला एक गुबगुबीत, केसाळ कुत्रा होता.

"कुत्र्याचं नाव बोका?" एवढ्या कळांमध्येही मी विचारलं.

"लहानपणी मांजरीसारखा दिसायचा," तो म्हणाला. आणि माझ्या मनगटाकडे पाहून पांढराफटक पडला.

रिक्षात बसवून तो मला माझ्याच हॉस्पिटलमध्ये घेऊन गेला. मनगटाचं हाड मोडलं होतं. माझ्या मैत्रिणी प्लॅस्टर कमी आणि त्यालाच जास्त बघत होत्या. तो सुतार होता, स्वतःचं छोटं वर्कशॉप होतं. जाताना दारात घुटमळला.

"लाकूड असतं तर सरस लावून दिला असता," तो म्हणाला. "रात्रीत जोडला जातो सांधा. पण हे... माफ करा मला."

मी हसले. तो गेल्यावर मात्र रडले. थिएटरमध्ये माझं सगळं काम बोटांवर चालायचं. सर्जनने हात पुढे करायच्या आत त्याला हवं ते हत्यार त्याच्या तळहातावर ठेवायचं. ही बोटं पुन्हा तशी चालतील का, यावर डॉक्टर नुसतं "बघू" म्हणाले होते.

घरी बसून मी आईचं डोकं खायला लागले. चौथ्या दिवशी तिने माझ्या खांद्यावर शाल टाकली आणि दार उघडलं. "जा, उन्हात बस जरा. तुझी चिडचिड वाळवून ये."

बागेत तळ्याकाठच्या बाकावर तो होता. पायाशी बोका. मला पाहताच उठून उभा राहिला, जणू मी हेडमास्तरीण.

"बसा हो," मी म्हटलं. "आज पळत नाहीये मी."

त्याने खिशातून संत्रं काढलं, सोललं, एकेका फोडीवरच्या शिरा काढल्या आणि सालीवर मांडून माझ्यापुढे धरलं.

"एवढी साफसफाई?"

"एका हाताने खायचंय ना तुम्हाला."

मग रोजच जाऊ लागले. आईला सांगायचे, ऊन चांगलं असतं तिथे. आई म्हणायची, "हो, ऊनच असेल."

कित्येक वर्षं त्या बागेतून मी फक्त ये-जा केली होती. आता तिथे बसायला शिकले. कुंपणाच्या तारांवर कोळ्यांची जाळी दवाने जड होऊन लोंबायची. ऊन आधी समोरच्या झाडाच्या शेंड्यावर यायचं, मग फांदी-फांदी करत खाली, आणि शेवटी आमच्या गुडघ्यांवर. त्याची वाट बघत आम्ही तोंडातून वाफा सोडायचो. कुणाची लांब जाते यावर पैज लागायची.

"तुमची जास्त जाते. तुम्ही बोलताही जास्त," तो म्हणायचा.

"मग तुम्ही बोला."

"मला ऐकायला आवडतं."

असं काही तो सहज बोलून जायचा, आणि लगेच बोक्याचे कान खाजवायला लागायचा. माझे कान शालीत असूनही गरम व्हायचे.

प्लॅस्टर निघालं तेव्हा आतला हात माझा वाटेना. बारीक, ताठरलेला. घरी आल्यावर चहाचा कप उचलला आणि तो सुटून फरशीवर फुटला. दुसऱ्या दिवशी मी बागेत गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी आईने दारातूनच हाक मारली, "तुझं ऊन घरी आलंय गं."

तो, मी आणि बोका असे आम्ही तिघं तळ्याकडे चालत गेलो. बाकावर बसल्यावर माझा बांध फुटला. "हात नाही सुधारला तर? मला दुसरं काही येत नाही..."

"सुधारेल असं मी कुठल्या तोंडाने सांगू?" तो म्हणाला. "मला माहीत नाही. पण रोज येईन. बोटं हलली तरी, नाही हलली तरी."

समोरच्या वाळक्या फांदीवरून एक खंड्या निळ्या ठिणगीसारखा पाण्यात उतरला आणि चोचीत मासा घेऊन वर आला. आम्ही दोघंही श्वास रोखून बघत राहिलो. रडता रडता मी कधी थांबले, कळलंच नाही. त्या क्षणी फार वाटलं — पडले नसते तर यातलं काहीच दिसलं नसतं. ना खंड्या, ना हा माणूस.

बोटं हळूहळू वळली. रोज बाकावर बसून मी मुठी मिटायचे, उघडायचे; तो शेजारी बसून स्वतःच्याही मुठी मिटायचा, मला सोबत म्हणून. थंडी ओसरत आली तेव्हा डॉक्टरांनी माझ्या हातात चिमटा दिला, सुई दिली, आणि हसून म्हणाले, "सोमवारपासून या."

रविवारी मी त्याला ते सांगितलं. तो आनंदला.

"म्हणजे आता तुम्ही सकाळी घाईत असणार."

"तुम्हाला बोक्याला फिरवायचंच असतं की."

"बोक्याला थंडी आवडत नाही. तो घरी चुलीपाशी पडून राहील." तो तळ्याकडे बघत होता. "इतके दिवस मीच त्याला ओढून आणत होतो."

"का?"

"का म्हणजे... आता सगळंच माझ्याकडून वदवून घेणार का?"

"हो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही आवडता मला. फार. आणि मला हे कसं सांगतात ते येत नाही."

"बरं सांगितलंस की," मी म्हटलं.

"सांगितलंस?" त्याने तो शब्द हळूच उचलून पाहिला, "तू" कुठे लपलाय ते शोधल्यासारखा. मग त्याचा सगळा चेहरा उजळत गेला.

"उद्या मी घरून लवकर निघेन," मी म्हणाले. "येशील?"

सोमवारी तो बागेच्या फाटकाशी उभा होता, मफलर नाकापर्यंत. बोक्याला आणलं नव्हतं. आम्ही बागेतून हॉस्पिटलपर्यंत रमतगमत गेलो. पायऱ्यांवर अजून सावली होती, आणि माझ्याजवळ वेळ होता. मी उजवा हात त्याच्या हातात दिला. ऊन आमच्या पावलांवर येईपर्यंत आम्ही तिथेच उभे राहिलो, आणि मग मी आत कामाला गेले.