मनुके सगळ्यात शेवटी

दार उघडलं आणि आधी धूरच बाहेर आला. त्याच्या मागून खोकत खोकत तो... उंच, गळ्यात अ‍ॅप्रन, भुवईला मध!

"ओव्हन दुरुस्तीचे मिस्त्री कुठायत?" माझ्या खांद्यावरून जिन्यात डोकावत त्याने विचारलं.

"मिस्त्री मीच. वाट द्या."

या कामाचा मला भारी अभिमान आहे. बाबांच्या हाताखाली शिकले मी. आणि या अभिमानापायीच गेल्या वर्षी माझं ठरत आलेलं लग्न मोडलं. मुलाकडचे सगळ्यांना सांगत सुटले होते, 'मुलगी ऑफिसात असते.' मी भर बैठकीत म्हटलं, ओव्हन दुरुस्त करते. झालं! तेव्हाच ठरवलं, माझं काम लपवणाऱ्याच्या घरी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही.

ट्रेमध्ये काळेठिक्कर ओट्स पडले होते.

"ग्रॅनोला आहे," तो ओशाळून म्हणाला. "रविवारी घरचे सगळे नाश्त्याला येतायत. मागच्या वेळी माझ्या ग्रॅनोलाने ताईचा दात हलला."

"मग दातांचा डॉक्टर गाठा."

"तो... मीच आहे."

मला इतकं हसू आलं की हातातला पाना खाली पडला.

काटा दीडशेवर होता, आतली उष्णता एकशे नव्वद. थर्मोस्टॅट बदलला. पण दुरुस्त केलेल्या ओव्हनमध्ये काहीतरी भाजून बघितल्याशिवाय मी घर सोडत नाही. त्याने लगबगीने ओट्स, बदाम, मध कालवलं आणि वर मूठभर मनुके टाकले.

"अहो, मनुके काढा! ते करपून दगड होतात, म्हणून तर दात हलला. मनुके सगळ्यात शेवटी, भाजून झाल्यावर. आणि दार सारखं उघडून बघू नका."

"बघितल्याशिवाय राहवत नाही हो..." तो म्हणाला. तेव्हा तो ओव्हनकडे बघत नव्हता. मी उगाचच पेटीतले स्क्रू चाळायला लागले.

ट्रे बाहेर आला तसा तो लगेच चमचा घेऊन धावला. मी त्याचं मनगट धरलं. "ढवळायचं नाही. गार होऊ दे, मगच छान तुकडे पडतात." मनगट सोडायला मला जरा उशीरच झाला.

"रविवारी... तुम्हीही याल?"

"कोण म्हणून?"

तो ओट्यावर सांडलेले ओट्स गोळा करायला लागला. ते मला लागलं, फार लागलं. जिना उतरताना वाटलं, हाही त्यातलाच.

तरी रविवारी गेलेच! मुद्दाम कामाच्या कपड्यांत, हातात हत्यारांची पेटी घेऊन. होऊन जाऊ दे एकदाचं.

टेबलाशी त्याचे आईबाबा आणि ताई. बाबांनी पहिला घास जपून एका दाढेखाली चावला... आणि वाटी पुन्हा पुढे केली.

"विकतचा आणलास ना रे?" ताई म्हणाली. मग सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, तिथून पेटीकडे.

"आणि ह्या कोण?" आईंनी विचारलं.

माझ्या घशाला कोरड पडली. तो उठून उभा राहिला.

"आई, या आपल्या ओव्हनच्या मिस्त्री. काटा चाळीस अंशांनी चुकत होता, मला दोन वर्षांत कळलं नाही. यांनी दहा मिनिटांत पकडलं! माझ्या ओळखीत असा हात कुणाचाच नाही." मुलीचा पहिला नंबर आल्यासारखा सांगत होता बापडा. माझे डोळे भरून आले.

"एवढंच?" ताईने भुवई उडवली.

"नाही..." त्याचे कान लाल झाले. मनुक्यांची वाटी उचलून तो माझ्यासमोर आला. "त्या दिवशी 'कोण म्हणून' विचारलंत ना? ते मला सगळ्यांसमोरच सांगायचं होतं. पण म्हटलं, आधी तुमचं काम सांगू. मनुके... सगळ्यात शेवटी."

मी पेटी खाली ठेवली, खुर्ची ओढली.

"आधी पाणी दे," मी म्हटलं. "मग विचार. हो म्हणायला घसा नको का ओला?"