साडेतीन तासांचं अंतर

२०१६ च्या मे महिन्यात चौसाळ्याच्या आमच्या दूध संस्थेत सकाळचं संकलन निम्म्यावर आलं होतं. दुष्काळ होता, गावात पाण्याचा टँकर दर तिसऱ्या दिवशी यायचा. मी संस्थेचा सेक्रेटरी. दुपारी फारसं काम नसायचं, पण घरी जाऊन तरी काय करायचं म्हणून ऑफिसातच बसून राहायचो.

त्या दिवशी बाराच्या सुमारास सत्यभामाबाई आल्या. नवरा कधीच गेलेला, दारात एक म्हैस, आणि एकुलती एक मुलगी मुक्ता. ती शिष्यवृत्तीवर व्हिएन्नात शिकली होती आणि आता नोकरीसाठी लिस्बनला निघाली होती.

"भाऊ, ते लिस्बन तिथून किती लांब हाय? आपल्या साडेबाराला इमान हाय म्हणली."

मी कॉम्प्युटरवर पाहिलं. "तेवीसशे किलोमीटर. साडेतीन तास. चारला उतरेल."

"मग बसते इथंच."

त्या बाकावर बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

तासाभरानं म्हणाल्या, "लई गार लागतंय."

बाहेर त्रेचाळीस डिग्री होतं. मघाशीच वीज गेल्यानं पंखाही बंद होता. पण त्यांच्या दंडावर काटा आलेला मला स्पष्ट दिसला.

"झोपलीय पोर. खिडकीला डोकं टेकून."

आईचं मन, मी स्वतःला म्हणालो.

पावणेचारला त्या एकदम पुढं वाकल्या. डोळे मिटलेलेच. "पाणी! भाऊ, खाली लई पाणी हाय. नजर पोचंना." जरा वेळानं त्यांचा आवाज उतरला. "टेकलं इमान. समदे उठले."



"मुक्ता उठंना."

पाचला माझा फोन वाजला. मुक्तानं घरचा म्हणून माझाच नंबर दिला होता; लिस्बनहून तिची मैत्रीण बोलत होती. विमानात झोपेतच मुक्ताचं हृदय थांबलं होतं. मला काही सांगावं लागलं नाही. सत्यभामाबाई पदराचा बोळा तोंडाशी धरून बसल्या होत्या.

नवव्या दिवशी पेटी आली. मी स्वतः खांदा दिला.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला त्या पुन्हा बाकावर.

"ती अजून तिथंच इमानात बसलीय, भाऊ. लोकं चढतेत, उतरतेत. ती इचारती, चौसाळा किती लांब हाय?"

समजूत घालणार होतो, पण त्यांच्याकडं पाहून कॉम्प्युटरकडं वळलो. "साडेआठ हजार किलोमीटर. विमान बदलावं लागतं, पुढं मोटार. अठरा तास तरी."

त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हंजे उद्या सकाळी."

सकाळी त्यांचं दूध आलं नाही. साडेसहाला मी त्यांच्या घरी गेलो.

दार उघडं होतं. सत्यभामाबाई उंबऱ्याशी रिकामी कळशी धरून बसल्या होत्या. टँकरचं राखून ठेवलेलं सगळं पाणी पायरीवर सांडलं होतं.

"हळू बोला," त्या कुजबुजल्या. "दमून आलीय. आत्ताच पाय धुतले तिचे."

फरशीवर ओली पावलं आत गेली होती.

सत्यभामाबाईंचे पाय कोरडे होते.