पुलावरचा पाऊस

"जपून! छत्रीवर बसाल."

ती दचकली. सभागृहातल्या शेजारच्या खुर्चीतल्या तरुणाने लांब काळी छत्री उचलून आपल्या मांडीवर घेतली.

"एवढ्या रणरणत्या उन्हात छत्री?" तिला हसू आलं.

"शेवटी पाऊस आहे ना... तुम्हीच लिहिलंय."

तिचं हसू जागच्या जागी वाळलं.

एक मासिक दर तीन वर्षांनी तिच्यासारख्या समीक्षकांना विचारायचं, आजवरचे सर्वांत चांगले सिनेमे कोणते? आज इथे लागणाऱ्या पुलाच्या सिनेमाला आधी कुणी हिंग लावून विचारलं नव्हतं. पुढच्या खेपेला तो यादीच्या तळाशी डोकावला, मग वर सरकला, आणि यंदा थेट पहिला. कशामुळे, तर शेवटी पुलावर निरोप घेणाऱ्या दोघांवर कोसळणारा पाऊस. एकाने लिहिलं, दुसऱ्याने वाचलं, तिसऱ्याने मान डोलावली. तिनेही पहिला नंबर दिला आणि वर टिपण लिहिलं. सिनेमा मात्र पाहिला नव्हता.

पाहणार कुठे? प्रिंट खराब होऊन डब्यात पडली होती. आज ती दुरुस्त करून, लख्ख करून दाखवणार होते. खेळ संपल्यावर तिने स्टेजवर जाऊन त्या पावसाबद्दल बोलायचं होतं. ऐकायला आई आली होती, ठेवणीतली साडी नेसून. मावशीलाही ओढून आणलं होतं.

"तुम्हीही लिहिता?" तिने सावरत विचारलं.

"अधूनमधून. 'पूल भिजला, पण त्या दोघांचे डोळे कोरडेच राहिले.' कसं आहे वाक्य?"

"ते... ते माझं आहे."

"हो का?" तो हळूच म्हणाला. "इतकी वर्षं मला माझंच वाटत होतं."

दिवे मालवले. बरं झालं मालवले. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

"रागावलात?" अंधारात तिने विचारलं.

"छे. वाक्य चोरीला जायलाही नशीब लागतं. चोर कसा दिसतो ते बघायला आलो होतो."

"मग? कसा दिसतो?"

"...सिनेमा बघा."

तिने बघितला, अगदी मन लावून. पूल आला. तो माणूस निघाला, बाई कठड्याशी थांबली. आणि पडद्यावर पडलं होतं ऊन. कडकडीत, पांढरं ऊन! पावसाचा थेंब नाही.

"पाऊस कुठाय?" ती कुजबुजली.

तो थिजून बसला होता. "लहानपणी पाहिला होता मी... उभ्या रेघाच रेघा होत्या सगळीकडे..." मग त्याने कपाळावर हात मारला. "चरे! झिजलेल्या रिळावरचे चरे होते ते. मी पाऊस समजलो."

"तुम्ही निदान चरे तरी पाहिलेत," ती म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता.

दिवे लागले. लोक एकमेकांकडे बघेनात. मासिकाच्या संपादक ताईंनी घसा खाकरून तिचं नाव पुकारलं. आईने मावशीला कोपराने ढोसलं – बघ आता!

स्टेजच्या पायऱ्या चढताना तिला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं. काहीतरी थातुरमातुर बोलून सुटता आलं असतं. मनातला पाऊस वगैरे. शब्द ओठांवर आलेही होते.

"मी हा सिनेमा आज पहिल्यांदा पाहिला," ती म्हणाली. "न पाहताच पहिला नंबर दिला. वाक्यही उसनं होतं."

आईची मान खाली गेली. ते तिला दिसलं.

"पण आज एक पाहिलं. पुलावरून तो निघाल्यावर ती बाई डोळ्यांवर हात धरते. उन्हासाठी. तो दिसेनासा झाला तरी हात काढत नाही. हे कुणीच लिहिलं नाही... मीही नाही."

तेवढ्यात खुर्च्यांमधून छत्री वर झाली.

"तो पाऊस मी पाडला होता!" तो उभा राहून म्हणाला. "या बाईंनी फक्त उसना घेतला."

कुणीतरी फिसकन हसलं. मग बरेच जण हसले. तिला मात्र हसू येईना.

बाहेर ऊन तसंच होतं. पायरीवर घोळके उभे होते. आईने जवळ येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. "आज खोटं बोलली नाहीस, तेवढं पुरे. घरी बोलू," ती म्हणाली आणि मावशीला घेऊन पुढे झाली.

तो छत्री घेऊन तिच्याशेजारी आला. "लोक बघतायत," ती त्याच्याजवळ पुटपुटली. तोंड कुठे लपवावं ते तिला कळेना.

त्याने छत्री उघडली आणि तिच्या चेहऱ्यापुढे तिरकी धरली. त्या काळ्या सावलीत आता दोघंच होती.

"पुढच्या खेपेला कितवा नंबर द्याल?" त्याने विचारलं.

"आधी पुन्हा बघेन."

"एकट्याच?"

तिने पदराने डोळे पुसले. मग दांडा धरलेल्या त्याच्या हाताजवळ आपला हात नेला आणि तिथेच ठेवला.

"छत्री आणाल ना?"