दुसऱ्या कार्ब्युरेटरमधला आवाज

विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा, पण हे माझ्या सख्ख्या मामाच्या डोळ्यांदेखत झालं. तेही भर दुपारी, त्याच्याच गॅरेजमध्ये.

मामा जुन्या गाड्यांचा मेकॅनिक. त्या दिवशी एक माणूस दोन कार्ब्युरेटरची जुनी गाडी घेऊन आला. गाडी त्याच्या थोरल्या भावाची. उतारावर ब्रेक सुटला आणि गाडी अन् भिंतीच्या मधे सापडून भाऊ गेला, असं त्यानेच सांगितलं. आता ती विकायची होती. पण धड चालेल तर ना! सारखी आचके देऊन बंद पडायची.

मामाने जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची बारीक भोकं, साफ केले, हवा-पेट्रोलचं प्रमाण जुळवलं, इंजिन सुरू केलं. मग रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरलं. दोन्हींतून हवेची सूं सूं सारखी आली की काम फत्ते.

पहिल्यात सूं सूं होती.

दुसऱ्यात...

कुणीतरी धापा टाकत होतं.

कान वाजतायत, असं म्हणून मामाने नळी पुन्हा धरली. धाप थांबली. मग अगदी कानाशी...

“मागे घे... गाडी मागे घे रे.”

मामाने नळी झटकन कानावरून काढली. त्याने ती त्या माणसाच्या हातात दिली. तो गाडीपुढे, भिंतीला पाठ करून उभा होता. वाकून ऐकू लागला. चेहरा पांढराफटक पडला.

“दादा,” तो पुटपुटला.

इंजिन किंचाळलं.

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला... तरी ती उसळली. त्या गदारोळातही हाडं मोडल्याचा आवाज मामाला ऐकू आला. त्याने किल्ली फिरवली. इंजिन चालूच. पेट्रोलची नळी उपटली. तरी चालूच. चाकं जागच्या जागी फिरत होती, रबर जळत होतं, जमिनीवर रक्त आणि पेट्रोल एक झालं होतं, आणि गाडी त्या माणसाला भिंतीत दाबतच होती.

त्याने मामाचं मनगट घट्ट पकडलं.

“तो ओरडत होता. मी मागे नाही घेतली... अजून पुढे घेतली.”

हात गळून पडला, तेव्हाच इंजिन बंद झालं.

पोलिसांना मामाने ब्रेक सुटल्याचं सांगितलं. दुसरं काय सांगणार?

पुढे थोरल्याची बायको गाडी न्यायला आली. तिने एवढंच विचारलं, दीर शेवटपर्यंत शुद्धीवर होता का. मामा हो म्हणाला.

“बरं झालं,” ती म्हणाली.

मामाने तिला तोवर काहीच सांगितलं नव्हतं. मग तिला काय ठाऊक होतं... आणि कुणाकडून?

हे आठवलं की मामा आजही जेवता जेवता थांबतो.