बसल्या माणसावरचा दिवा

वच्छलाबाई हेडाऊ आता स्वतःच्याच घरात पाहुण्यासारख्या राहतात आणि त्याला कारण मी आहे.

असो. असं काही झालेलं नाही. आपण भाजीबद्दल बोलू.

मी मिहानमधल्या एका कंपनीत लोकांचे विसरलेले पासवर्ड परत मिळवून देतो. हे पुण्यकर्म आठवड्यातले काही दिवस घरून करता येतं. घर म्हणजे तांडापेठेत वच्छलामावशींच्या घराचा वरचा मजला. खाली त्या आणि त्यांची मुलगी रुचिका. मागे एक लांबट, बिनखिडकीची खोली. तिथे पूर्वी हातमाग होता. माग भंगारात गेला, विणताना पाय सोडून बसायचा खड्डा फळीनं झाकला गेला, आढ्याला एक आकडा तेवढा राहिला. ती खोली मी बेसिल लावायला मागून घेतली. बेसिल म्हणजे पिझ्झावर घालतात ती तुळस.

"नागपुरात ऊन कमी पडते काय गा," मावशी म्हणाल्या, "म्हणून घरात लावून राहिला?"

मी समजावलं की बाहेरच्या उन्हात बेसिलचा पापड होतो. घरातलं ऊन आपल्या हातात असतं. मी आकड्याला सोडियमचा मोठा दिवा टांगला, रस्त्यावरच्या खांबावर असतो तसा, आणि भिंतीवर त्याचा बॅलास्ट ठोकला. बॅलास्ट म्हणजे ट्यूबलाइटच्या चोकचा शिकलेला भाऊ. याला नॉब असतो: शंभर टक्के, पंचाहत्तर, पन्नास. रोपं लहान असताना पन्नास, मोठी झाली की शंभर. दिवा चोवीस तास ठेवला तर पाला दुप्पट येतो, असं एका व्हिडिओतला माणूस शपथेवर सांगत होता, म्हणून मी तो बंद करतच नसे.

मावशी आकड्याकडे बघत उभ्या राहिल्या.

"तिथं आमच्या यांचा बल्ब होता. त्याच्याखाली बसून मी सारी जवानी धोटा फेकला. पण हे कधी खटकन बटन बंद नाही करत. आधी म्हणत, ऊठ वं. मी खड्ड्यातून पाय काढले, का मंग बंद."

"काहून?"

"बसल्या माणसावरचा लाइट बंद नाही करत, बाप्पा."

मी हो म्हणालो. घरमालकिणीला म्हणतात तसं.

एप्रिलमध्ये रोपं वाढली आणि मी शंभरवर गेलो. "तुझा सूर्य लागला का माझा कूलर रडते!" मावशी खालून ओरडायच्या. त्यांचा आवाज असा की गल्लीतली लोकं घड्याळ बघत नसत. एकदा माझ्या कॉलवरच्या अमेरिकन बाईनं विचारलं, तुमच्याकडे कुणाला लागलंय का?

म्हणून मी नॉब पन्नासवर आणला. कूलर सुधारला. मावशींची ओरडही थांबली. मला वाटलं, समाधान झालं असावं. माणसाचं समाधान झालं की आवाज जातो, हा शोध तेव्हा मला पटण्यासारखा वाटला.

मग मी एकदा गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलो.

मावशी जुन्या लुगड्यावर मुगवड्या घालून राखण करत बसल्या होत्या. कावळा आला. त्यानं एक वडी उचलली. मावशींनी हात हलवला. कावळ्यानं त्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढची वडी पलीकडे होती, तर तो मावशींच्या मांडीवरून चालत गेला. सावकाश, रिकामा रस्ता ओलांडावा तसा. मावशींचे ओठ हलत होते. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मला काहीही ऐकू आलं नाही. त्यांच्या हिरव्या लुगड्यातून मागची पाण्याची टाकी दिसते आहे असंही वाटलं, पण नागपूरच्या उन्हात डोळे काहीही दाखवतात.

मी खाली जाऊन नॉब शंभरवर केला. गच्चीवरून "हाड मेल्या!" ऐकू आलं आणि शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

पन्नासवर आणला. शांतता.

शंभर. "मुडद्या, सारं पीठ खराब केलं!"

या ठिकाणी चांगल्या माणसानं नॉब शंभरवर ठेवून त्यावर टेप मारला असता. मला अकरा वाजता मीटिंग होती.

तासाभरासाठीच पन्नास, असं मी ठरवलं होतं. पण मीटिंगा रोज असतात.

एका संध्याकाळी रुचिका बुटीबोरीच्या कंपनीतून लवकर आली. मी डबा द्यायला खाली गेलो होतो. तिनं चपला काढल्या, आत पाहिलं, बाहेर पाहिलं.

"आई कुठी गेली रे?"

मावशी तिच्या समोर पाटावर बसून लसूण सोलत होत्या. मला दिसत होत्या, फिरत्या पंख्याची पाती दिसावी तशा.

"देवळात गेल्या असतील," मी म्हणालो.

मावशींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग परत लसूण सोलायला लागल्या.

मी मागच्या खोलीत पळालो. शंभर.

"अगं, इथंच आहेस तू?" बाहेर रुचिका हसत होती. "घाबरवलं ना मले!"

टेप मी तेव्हा मारला. दुसऱ्या दिवशी मावशींच्या कूलरला नवीन खस बसवून दिली. आंबेही आणले.

"काहून एवढं करून राहिला गा?" त्यांनी विचारलं. "काही फोडलं काय?"

"नाही."

मधल्या काळात दोनतीनदा लाइट गेली होती. तेव्हा मी आणि रुचिका ऑफिसात होतो आणि मावशी घरी एकट्या होत्या. घरी होत्या की नव्हत्या, यावर नंतर विचार करायचा असं मी ठरवलं.

मग तो बुधवार आला. तारांच्या दुरुस्तीसाठी पुरवठा बंद राहील, असा मेसेज सकाळीच आला होता. माझ्या फोनमध्ये तो बँकेच्या जाहिरातींखाली पडलेला होता.

दुपारी मी पाणी घालायला मागच्या खोलीत गेलो. मावशींनी फळी बाजूला केली होती. त्या खड्ड्यात पाय सोडून, दिव्याच्या बरोबर खाली बसल्या होत्या.

"पाय दुखून राहिले," त्या म्हणाल्या. "इथं बरं वाटते."

"मावशी, गरम होईल तुम्हाला."

"झालं होतं ना तीस वर्षं."

दिवा गेला.

अंधारात फक्त बेसिलचा वास आणि तापलेल्या काचेची कुरकुर.

"उठा, मावशी," मी म्हणालो. उशिरा म्हणालो.

मोबाइलचा टॉर्च लावला. खड्ड्यात माती होती, कोरडी.

नवल म्हणजे मिनिटभरातच लाइट आली. पंखे लागले, कूलर लागला. दिवा लागला नाही. सोडियमचा तापलेला दिवा विझला की थंड झाल्याशिवाय पेटत नाही. हे मला माहीत होतं. बॅलास्ट भिंतीवर टिक टिक करत होता.

मी घरात धावलो. रुचिका सुट्टीवर होती, जेवायला बसत होती. एकच ताट.

"रुचिका, तुझी आई..."

"कोणाची?"

"तुझी. वच्छलामावशी."

"खाली मी एकटीच तर राहते." तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "तुले ऊन लागलं काय?"

मी परत मागे आलो. दिवा लालसर झाला होता.

आधी खड्ड्यात पाय आले.

मग बाकीचं.

"ऊठ म्हणायचं होतं गा," मावशी म्हणाल्या.

रुचिका माझ्यामागून दारात येऊन उभी होती. दिवा पूर्ण पेटेपर्यंत ती बघत राहिली. मग पाण्याचा गिलास घेऊन आली आणि वाकून, आदरानं म्हणाली, "घ्या, मावशी. तुम्ही कोणाकडे आल्या?"

मावशी पाणी प्यायल्या. त्यांनी गिलास पदरानं पुसून परत दिला.

"इकडंच," त्या म्हणाल्या.

रुचिका चांगली मुलगी आहे. माझ्या पाहुण्या समजून त्यांना रोज वाढते. "अशा वड्या मी कुठंतरी खाल्ल्या आहेत," परवा म्हणाली. मावशींनी तिला अजून दोन वाढल्या. त्या आता ओरडत नाहीत, नॉब शंभरवर असूनही.

इन्व्हर्टर बसवायला बोलावलेला माणूस एवढा मोठा दिवा बघून हसून गेला. शेजारी मी दुसरा दिवा टांगून पाहिला. त्यानं भाजी वाढते. एवढंच.

आणि पहिला दिवा जुना होत चालला आहे. कडा काळ्या पडल्या आहेत. आज सकाळी गच्चीवर कावळा आला होता. मावशींच्या मांडीवर क्षणभर थांबला, आणि तिथंच घासून त्यानं चोच साफ केली.

सबब, मा. कार्यकारी अभियंता यांना सविनय विनंती की, तांडापेठेतील सदर घराचा वीजपुरवठा दुरुस्ती, वादळ अथवा अन्य कोणत्याही कारणास्तव यापुढे क्षणभरही खंडित करण्यात येऊ नये. तसेच सदर दिव्याचे आयुष्य संपत आल्याने, तो न विझवता बदलून देणारा कर्मचारी सत्वर पाठवण्यात यावा. कर्मचाऱ्याने खोलीत शिरण्यापूर्वी आवाज द्यावा आणि खड्ड्याच्या कडेने जपून चालावे. तिथे बाई बसलेल्या असतात, दिसल्या नाहीत तरी.