मागून आलेला खांदा

ही गोष्ट खरी आहे. माझ्या वडिलांनी ती मला जन्मात एकदाच सांगितली, आणि अण्णा खोटं बोलणाऱ्यातले नव्हते.

यात रात्र नाही. स्मशान नाही. चैत्रातली भर दुपार आहे, आणि परभणीहून जिंतूरला जाणारी कच्ची सडक.

गोष्टीपुरतं मी त्यांना उमाजीच म्हणते. तेव्हा त्यांना अण्णा म्हणणारं कुणी उरलेलं नव्हतं.

निजामाचं राज्य होतं. उमाजीची तीन लेकरं पाळण्यातच गेली होती. कोंडाबाईला पुन्हा दिवस गेले, तेव्हा तो गावच्या महादेवाला नवस बोलला. गंगाखेडहून गोदावरीचं पाणी आणीन. कावडीनं, पायी.

बांबूच्या दोन्ही टोकांना घागरी, वर घुंगरं. नियम एकच. नदीवर उचललेली कावड पिंडीपर्यंत जमिनीला टेकवायची नाही. टेकली की नवस मोडला.

म्हणून माणसं दोन लागतात. सोबत आला येडबा, मेंढरांमागं लहानपणापासून बरोबर हिंडलेला. कावड एका वेळी एकाच्याच खांद्यावर; चालता चालता मागच्यानं बांबूखाली खांदा सरकवायचा, पुढच्यानं वाकून निघायचं आणि वाट दाखवत पुढं व्हायचं. वळून बघायची गरज पडत नसे.

तिसऱ्या दिवशी तळपायाचे फोड फुटले होते. खांद्याचं कातडं सोलून सदऱ्याला चिकटलं होतं.

"उमाजी, पोरगं झालं तर माझं नाव ठिव."

"तुझं? आधीच येडं म्हणून जलमावं का त्यानं?"

येडबा हसला. हसता हसता थांबला…

बोरी गावाच्या अलीकडं, एका कडुलिंबाखाली तो मटकन बसला. अंग तव्यासारखं तापलेलं. घामाचा थेंब नाही. उमाजीनं कावड खांद्यावर तोलत, एका हातानं तांब्यातलं अर्धं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं.

"तू हो म्होरं," येडबा म्हणाला.

"तुला हितं टाकून?"

"थांबून काय करतूस? कावड खाली ठिवतूस का? तीन गेली तुझी. जा. मी मागून यायलोच."

उमाजी निघाला.

सडकेवर चिटपाखरू नव्हतं. कावड या खांद्यावरून त्या खांद्यावर. डोळ्यांपुढं अंधारी आली. आता पडणार…

तेवढ्यात मागून खांदा आला.

बांबू अलगद उचलला गेला. सवयीनं उमाजी वाकून निघाला, पुढं झाला. घुंगरं आता त्याच्या मागं वाजत होती.

"आलास का गड्या? बरं वाटायलंय का?"

नुसती घुंगरं. पावलं वाजत नव्हती… धाप ऐकू येत नव्हती…

समोरून एक बैलगाडी आली. गाडीवाल्यानं बैल आवरले.

"पावनं, जोडीदाराला पाणी पाजा की. तोंड बघा कसं काळं ठिक्कर पडलंय!"

उमाजीनं न वळता तांब्या मागं धरला. कुणीतरी तो घेतला. मग परत दिला…

तांब्यात पाणी होतं तेवढंच होतं.

तेव्हा त्याला कळलं. पण वळलो तर कावड पडेल, एवढं एकच मनात होतं. तो चालत राहिला.

गावच्या शिवेवर बांबू पुन्हा त्याच्या डाव्या खांद्यावर आला. घागरी त्याच. पाणी तेच. पण देवळाच्या पायऱ्या चढताना त्याला वाटलं, आपण एक आख्खा माणूस उचललाय.

पिंडीवर पाणी पडलं.

"येडबा भावजी कुठं हायत?" कोंडाबाईनं विचारलं.

उमाजी मागं वळला. मागं कुणीच नव्हतं.

लोक गाडी जोडून गेले. येडबा लिंबाखालीच होता. गार पडलेला. तोंडाला मुंग्या लागलेल्या. जागचा हललेला नव्हता.

दोन महिन्यांनी कोंडाबाईला मूल झालं आणि ते जगलं. ते मूल म्हणजे मी.

अण्णांचा डावा खांदा जन्मभर झुकलेला राहिला. आपल्या मागं ते कुणालाच चालू देत नसत. मलाही नाही.

गेल्या माघात अण्णा गेले. त्यांना नेताना मी दारातच थांबले. माणसं परत आली तसा माझा चुलतभाऊ चंद्रभान सरळ माझ्याकडं आला.

"अक्का, माझ्या मागं कोण व्हतं गं?"

"कुठं?"

"तिरडीला. मला धाप लागली, तर कुणीतरी मागून खांदा घातला. मी सुटून म्होरं झालो. आता इचारलं, तर समदे म्हणतेत, आमी न्हाई."

"वळून बघितलंस?"

"न्हाई. नदीजवळ त्यानं परत माझ्याच खांद्यावर दिलं." तो खांदा चोळायला लागला. "लय जड व्हतं, अक्का. अण्णा तर वाळून काडी झालते."

मी त्याला काही सांगितलं नाही. मला वाटत होतं, अण्णांबरोबर ते संपलं असेल.

दहाव्याला चंद्रभान आला. चाळिशीतला धट्टाकट्टा गडी.

त्याचा डावा खांदा झुकला होता.

मी सतरंजी दाखवली, तर तो तिच्यावर बसला नाही. आधी भिंत गाठली, आणि तिला पाठ घट्ट टेकवून बसला.