एकशे तेरावर कोण आहे

सकाळी सव्वानऊला लेकीला तळमजल्यावरच्या पाळणाघरात सोडायचं आणि लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर पोचायच्या आत मोबाइलवर लेकीचा श्वास उघडून बघायचा, हा तिचा गेल्या तीन आठवड्यांचा नेम होता.

पाळणाघर ऑफिसचंच होतं. बारा पाळणे, प्रत्येकाच्या गादीखाली एक पातळ पट्टी, आणि पट्टीतून निघून भिंतीतल्या सॉकेटमध्ये गेलेली एक बारीक वायर. पट्टीवर बाळ निजलं की आईच्या मोबाइलवर दोन गोष्टी दिसायच्या: मिनिटाला श्वास किती, आणि एका चौकोनात एक निळा ठिपका, म्हणजे बाळाचा भार गादीच्या कुठल्या भागावर आहे ते. बाकीच्या आया जेवणाच्या सुट्टीत एकदा डोकावायच्या. ही दिवसातून चाळीसदा बघायची. सात महिन्यांची पोर झोपेत अशी फिरायची, की उशीवर डोकं ठेवून निजवावं तर अर्ध्या तासात उशीवर पाय. घरात तिचं नावच भिंगरी पडलं होतं. पडद्यावर तो ठिपका गोल गोल हिंडताना दिसला की आईचा जीव भांड्यात पडे. ही पट्टी नसती तर ती नोकरीवर परत आलीच नसती, आणि हे तिने साहेबांना तोंडावर सांगितलं होतं.

तिचं काम पत्त्यांचं. नऊ मजली इमारतीतला प्रत्येक कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरा, दाराचं कुलूप, इतकंच काय पाळण्यातली प्रत्येक पट्टी, यांना एकेक आयपी पत्ता लागतो. तो द्यायचा, लिहून ठेवायचा, आणि एकच पत्ता दोघांना जात नाही ना हे बघायचं. तिच्याआधी बावीस वर्षं हे मास्तरांनी केलं. ते काही शाळेतले मास्तर नव्हेत. चुकणाऱ्याला उभं करून समजावायची खोड, म्हणून मास्तर. निवृत्त होताना ते एक जाडजूड रजिस्टर ठेवून गेले होते, आणि आता त्यातला पत्ता न् पत्ता नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचा होता.

त्या सॉफ्टवेअरच्या ती अगदी प्रेमात पडली होती. पडद्यावर चौकोनांची जाळी, एक चौकोन म्हणजे एक पत्ता. हिरवा वापरातला, पांढरा मोकळा, करडा राखीव. आणि लाल म्हणजे भांडण, एका पत्त्यावर दोघे. सात महिने दुपटी आणि बाटल्यांत गेल्यावर ही रंगीत जाळी बघताना तिला शाळेच्या पहिल्या दिवशी नवी वही उघडल्यासारखं वाटायचं. शुक्रवारी साहेबांना अहवाल द्यायचा होता: सगळे पत्ते चढले, लाल एकही नाही.

गुरुवारी सकाळी सात नंबरच्या पाळण्याची पट्टी बंद पडली. सात नंबर म्हणजे भिंगरीचा.

वायरिंगचं बघणारा सुतळी नवी पट्टी घेऊन आला. खिशात कायम सुतळीचं बंडल, म्हणून सुतळी. केस पांढरे झालेले, पण सगळे त्याला एकेरीच हाक मारत. “ताई, पत्ता द्या लवकर. खाली मावशींच्या कडेवर तुमचं रत्न भोकाड पसरून बसलंय.”

पत्ता द्यायचे मास्तरांचे दोन नियम होते आणि ते तिला पाठ होते. बंद पडलेल्या यंत्राचा पत्ता महिनाभर निवायला ठेवायचा, लगेच दुसऱ्याला द्यायचा नाही. आणि मोकळा दिसणारा पत्ता द्यायच्या आधी त्याला दिवसातून तीनदा हाक मारायची, म्हणजे पिंग करायचं: सकाळी, दुपारी, संध्याकाळी. काही यंत्रं झोपलेली असतात, एका हाकेला ओ देत नाहीत.

एकशे एक ते एकशे बारा हे बारा पाळण्यांचे पत्ते. पुढचा एकशे तेरा पांढरा होता. रजिस्टरमध्ये त्याच्यासमोर नाव नव्हतं, नुसतं पेन्सिलीने आकड्याभोवती गोल केलेलं. तिने एकदा हाक मारली. उत्तर नाही. मावशींनी लावलेल्या फोनमधून लेकीचं रडणं ऐकू येत होतं. दुपारची आणि संध्याकाळची हाक तिने सोडून दिली, आणि सात नंबरला एकशे तेरा देऊन टाकला.

अकरा चाळीसला तो चौकोन लाल झाला.

खरं सांगायचं तर ती आनंदाने खुर्चीतून अर्धी उठली. खरंखुरं भांडण! पुस्तकात वाचलेलं, परीक्षेत लिहिलेलं, आणि आज तिच्या पडद्यावर. तिने चौकोनावर क्लिक केलं. आत दोन ओळी होत्या. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच एक जन्मखूण मिळते, आकड्या-अक्षरांची. पहिल्या ओळीतली खूण ४ई ने संपत होती. ती नव्या पट्टीची, खोक्यावर तिने स्वतः वाचलेली. दुसऱ्या ओळीत सगळी शून्यं होती.

“असं यंत्र जन्माला येतच नाही,” ती पुटपुटली, आणि तिच्या अंगावर गोड काटा आला.

दोन्ही ओळींसमोर सॉकेट एकच. सात.

तिने सुतळीला खाली पिटाळलं आणि फोन चालू ठेवला. मावशी त्याला झापत असल्याचं ऐकू आलं, “बूट काढ आधी! लेकरं रांगतात इथं!” मग सरपटत आत शिरल्याचा आवाज.

“एक सॉकेट, एक वायर, एक पट्टी,” सुतळी पाळण्याखालून म्हणाला. “जुळं झालंय की काय ताई?”

ती खळखळून हसली. “वायर काढ दहा सेकंद. बघू कोण गप्प बसतं.”

४ई ची ओळ विझली.

शून्यांची ओळ तशीच राहिली. हाक मारली की उत्तर, एका मिलिसेकंदाच्या आत. म्हणजे लांबचं काही नाही, इमारतीतलंच. तिने मोबाइल उघडला. पाळणा सात: मिनिटाला एकोणीस श्वास. ठिपका चौकोनाच्या बरोब्बर मधोमध, खिळ्याने ठोकल्यासारखा.

“लावलीस का परत?”

“छे! वायर हातात आहे माझ्या.” तो जरा थांबला. “का हो?”

“लाव, लाव,” ती घाईघाईने म्हणाली. भिंगरीचे श्वास पस्तीसच्या खाली कधी येत नसत. “मावशींना विचार, काय करतेय ती?”

मावशींनीच फोन घेतला. “अहो, काय गुणाची झोपलीय आज! निजवली तशी आहे. फिरली नाही की काही नाही. दृष्ट लागेल हो.”

दुपारभर ती जेवली नाही, आणि भूक लागलीय हे तिच्या लक्षातही आलं नाही. कागदावर वेळा मांडत बसली. पत्ता कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे. हाकेला जो आधी ओ देईल, त्याचा. ४ई कडे असला की पस्तीस-छत्तीस श्वास आणि ठिपका भिंगरतोय. शून्यांकडे गेला की एकोणीस, आणि मधोमध. सकाळी शून्यांचा वाटा दहा मिनिटांत एक होता. दोन वाजता तीन. साडेतीनला पाच. दोनदा ती धावत खाली जाऊन आली. दोन्ही वेळा लेक पालथी, तोंडात मूठ, गाल गरम. सगळं ठीक. सगळं ठीक असताना पडद्यावर हे असं, म्हणून तर मजा!

चार वाजता तिने मास्तरांना फोन लावला.

“एकशे तेरा?” मास्तर म्हणाले. “कुणाला दिलास?”

“पाळणा सातला. माझ्याच मुलीला, मास्तर.”

पलीकडे रेडिओ चालू होता. तो बंद झाला.

“तीनदा हाक मारली होतीस?”

“एकदाच. सकाळी.”

“पाळणाघर झालं तेव्हा तेरावा पाळणा येणार होता, म्हणून मी तो पत्ता काढून ठेवला. पाळणा आला नाही. चौदा महिने रोज हाक मारली मी त्याला. सकाळी नाही, दुपारी नाही. संध्याकाळी, सगळ्या आया पोरं घेऊन गेल्या, दिवे गेले, की ओ यायची.”

“कोण होतं?”

“पत्ते देणं आपलं काम. आत कोण राहतं ते मी नाही विचारलं.” मास्तरांचा आवाज पुन्हा समजावणीचा झाला. “हे बघ पोरी, तू बाजूला हो. तुझ्या लेकीची पट्टी उचल, दुसरा पत्ता दे. त्याला तिथून काढू नकोस.”

“का?”

“काढलंस तर ते जाईल कुठे?”

फोन ठेवल्यावर ती साडेपाचपर्यंत पडद्यासमोर वेळा मांडत राहिली. बाजूला व्हायला हरकत नव्हती. अर्ध्या तासाचं काम. पण तिच्या मनातून एक गोष्ट हलेना: सात नंबरचा पाळणा तिच्या लेकीचा. लेकीच्या जागेवरून लेकीनेच का उठायचं? कुठल्याशा बिननावाच्या, शून्यांच्या उपटसुंभासाठी? तिला असा काही त्वेष आला, की कानशिलं तापली.

दुसऱ्या ओळीसमोर बटण होतं: ‘काढून टाका’.

सॉफ्टवेअरने विचारलं: नक्की?

पाच पन्नासला तिने होय म्हटलं.

लाल चौकोन क्षणभर पांढरा झाला, आणि मग हिरवा.

सगळी जाळी हिरवीगार. तिने दोन्ही मुठी वर केल्या. पलीकडच्या टेबलावरच्या लेखनिक बाईंनी चष्म्यातून बघितलं. “काय गं, लॉटरी?” साहेबांनी येऊन खांद्यावरून पडदा पाहिला आणि म्हणाले, “मास्तरांनाही इतकं स्वच्छ कधी जमलं नव्हतं.” ती जिन्यावरून उड्या मारतच उतरली.

मावशींनी लेक हातात दिली. जागी होती. रडली नाही. वाटभर ती आईच्या खांद्यावर मान ठेवून होती, आणि आई आपली तिला दिवसभराची गोष्ट सांगत चालली होती, चौकोन कसा लाल झाला, सुतळीमामा पाळण्याखाली कसा अडकला, आईने चोराला कसं हाकललं.

घरी नवऱ्याने दार उघडलं. “आज स्वारी खुशीत!”

“ऐक तर!” तिने पुन्हा सगळं सांगितलं, हातवारे करून. तो हसला, पोरीला घेऊन पलंगावर निजवून आला आणि कांदा चिरायला बसला. “ही बरी आज आल्या आल्या झोपली,” तो म्हणाला. “एरवी नाचवते.”

साडेसात वाजले होते. बाहेर अजून संधिप्रकाश होता. कपडे बदलून ती खोलीत आली. पोर उताणी होती. हात दोन्ही बाजूंना सरळ. डोकं उशीच्या मधोमध.

तिने पोरीच्या पोटावर तळवा ठेवला आणि सवयीने मोजायला लागली.

एकोणीस.

चुकलं असेल. घड्याळ समोर धरून पुन्हा मोजले.

एकोणीस.

मोबाइल स्वयंपाकघरात होता. तो आणायला जाताना ती चालत गेली, धावली नाही. पाळणाघराला सव्वासहालाच कुलूप लागतं. सातला इमारतीचे दिवे जातात. पट्टीवर आता कुणी नाही, म्हणजे आकडा शून्य दिसणार, आणि मग ती स्वतःवरच हसणार होती.

तिने सात नंबर उघडला.

छत्तीस.

पत्ता एकशे तेरा. जन्मखूण ४ई. निळा ठिपका चौकोनात गोल गोल फिरत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा फिरत होता. झोपेतलं नव्हतं ते फिरणं. शोधणारं होतं.

“काय झालं?” नवऱ्याने सुरी खाली ठेवली.

मोबाइल हातात धरूनच ती खोलीच्या दाराशी आली. पलंगावर पोरीचे डोळे उघडे होते आणि ते तिच्याकडेच बघत होते, अगदी शांतपणे, नव्या घरात आलेलं कुणी छताकडे, भिंतींकडे बघावं तसे.

“भिंगरी,” ती हळूच म्हणाली.

पलंगावर काहीच हललं नाही.

तिच्या हातातल्या मोबाइलवर ठिपका थबकला. मग तो चौकोनाच्या डाव्या कडेला सरकला, पाळणाघराच्या दाराकडच्या कडेला, जिथून आई रोज सहा वाजता आत यायची, आणि तिथेच थांबून राहिला.